कुलपाची बातमी

इरा आणि निहार, माझ्या आठवणींतलं हे प्रकरण तुमच्यासाठी आहे, आणि मी ते आत्ताच लिहायला घेतलं याला कारण इरा आहे. परवा व्हिडिओ कॉलवर तिनं तिच्या शाळेच्या वर्तमानपत्राचं सांगितलं. ते काम बघणाऱ्या तिच्या बाई म्हणे सुट्टीत अशाच इतर शिक्षकांच्या शिबिराला जाऊन आल्या. त्यांच्यासाठी एक संकेतस्थळ आहे, त्यावर शिकवायचे पाठ तयार मिळतात, आणि शाळेनं एखादी बातमी अडवली तर सल्ला विचारायला फोनवर वकीलसुद्धा असतो. "आजी, तुझी आईपण शाळेचा पेपर चालवायची ना? तिला मदत करायला कोण होतं?" असं इरानं विचारलं आणि तेवढ्यात तिची बस आली. उत्तर राहून गेलं. अर्धवट राहिलेली कामं मला चैन पडू देत नाहीत, हे तुमची आई तुम्हाला सांगेलच. शिवाय त्या दिवसांतली माणसं ओळखणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. मराठी वाचताना अडखळलात तर आईकडून वाचून घ्या, पण इंग्रजीत सांग म्हणू नका. या माणसांना मी इंग्रजीत बोलताना ऐकलेलंच नाही.

आम्ही तेव्हा गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एका कापड दुकानाच्या वर दोन खोल्यांत राहत होतो. दिवसभर खालून कापड टरकावल्याचा आवाज यायचा. आधी कात्रीचा एक छोटा चावा, मग लांबलचक टर्रर्र. त्या आवाजावर मला अभ्यास करायची इतकी सवय झाली होती की बाजार बंद असला की माझं लक्ष लागायचं नाही. नाना, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात होते आणि धरणाच्या कामासाठी त्यांच्या पैठणला सारख्या चकरा असायच्या. गावाकडून ज्वारीची पोती यायची, ती पलंगाखाली रचलेली असायची. पलंगावर बसलं की खालून धान्याचा वास येई. आई मुलींच्या हायस्कुलात मराठी शिकवायची. तिच्या माहेरात आणि सासरात मिळून नोकरी करणारी ती पहिलीच बाई, त्यामुळे सकाळी डबा भरून ती जिना उतरायची तेव्हा दुकानातले नोकरसुद्धा गप्प होत. मीही त्याच शाळेत नववीत होते. घरात ती आई, शाळेत जाधव बाई. मी दोन्हींत कधी गोंधळ केला नाही, तिनंही नाही.

शाळेत 'झरोका' नावाचं भित्तिपत्रक होतं. व्हरांड्यात एक जाळीचा फलक, त्यात दर सोमवारी ड्रॉइंग पेपरचे चार ताव लागायचे. आधी जे सर ते बघायचे ते बदलून गेले आणि मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका प्रधान बाई, आईला म्हणाल्या, "तुम्ही मराठीच्या ना? मग हे तुमच्याकडे." तेवढंच तिचं प्रशिक्षण. बातमी म्हणजे काय, मुलींकडून ती लिहून कशी घ्यायची, काय लावायचं, काय लावायचं नाही, हे सांगणारं कुणी नव्हतं. वाचनालयात या विषयावर एक इंग्रजी पुस्तक होतं, त्यातली छापखान्याची चित्रं बघून आईनं ते परत केलं. पहिले कितीतरी अंक 'माझा आवडता सण', सुविचार आणि कोपऱ्यात मोर यांनी भरले. मोर मी काढायची. तो फार छान यायचा असं माझं अजूनही मत आहे.

आईला मदत मिळाली ती अशी. एका वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी निकालाची वाट बघत ती बाकावर बसली होती, शेजारी एका उर्दू शाळेच्या शिक्षिका सलमा बाजी होत्या. बोलता बोलता कळलं की त्यांच्याही गळ्यात शाळेचं भित्तिपत्रक पडलंय. त्यांचा भाऊ एका उर्दू दैनिकात कामाला होता, म्हणून त्यांना मथळा कसा करायचा एवढं तरी ठाऊक होतं. पुढच्याच रविवारी त्या आपले ताव गुंडाळी करून आमच्या जिन्यावर हजर. मग काही दिवसांनी नानांनी पैठणहून एसटीतून येताना एका माणसाला बरोबर आणलं. काखेत तशीच कागदाची गुंडाळी, हातात मोसंब्यांची पिशवी. "अगं, ह्यांनाही तुझाच आजार आहे," नाना दारातूनच म्हणाले. ते कदम सर. तिकडच्या शाळेत शिकवायचे, आणि गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला, म्हणजे नानांना, त्यांनी वाटभर आपलं भित्तिपत्रक वाचून दाखवलं होतं.

तिथून आमचे रविवार सुरू झाले. तिन्ही शाळांचे शनिवारी उतरवलेले ताव जमिनीवर पसरायचे, चारी कोपऱ्यांवर वाट्या उपड्या ठेवायच्या, आणि एकेक अंक मोठ्यानं वाचायचा. उर्दू अंक सलमा बाजी वाचून अर्थ सांगायच्या. आई स्टोव्हला पंप मारून वरण ठेवायची. भाकरी, ठेचा, जवसाची चटणी आमची, पिवळसर मऊ नान सलमा बाजींचे, मोसंबी कदम सरांची. नियम एकच होता आणि तो कदम सरांनी घातला होता. ज्याचा अंक वाचला जातोय त्यानं तोंडात गुळाचा खडा धरायचा आणि तो विरघळेपर्यंत उत्तर द्यायचं नाही. चावून टाकायचा नाही. कारण पहिल्या रविवारी टीका झाली की तिघंही लगेच "पण आमच्याकडे काय झालं माहितेय का" असं सुरू करत आणि ऐकत कुणीच नसे. शिक्षक माणसाला गप्प बसवणं किती अवघड असतं, हे मी पुढे स्वतः तीस वर्षं शिकवलं तेव्हा मला नीट कळलं.

आईचा अंक पहिल्यांदा वाचला तेव्हा कदम सर बराच वेळ मोराकडे बघत होते. मग म्हणाले, "बाई, हे रुखवत मांडल्यावानी झालंय. समदं देखणं हाय, पर खायला काय नाय."

आईच्या गालात गूळ. मी स्वयंपाकघरातून बघत होते, तिचे कान लाल झाले होते.

"और ये मोर हर बार काय को?" सलमा बाजींनी विचारलं. "तुमच्या शाळेत मोर पढते क्या?"

मोर बंद झाला. हळूहळू 'झरोक्या'त बातम्या येऊ लागल्या. प्रयोगशाळेतला तराजू मोडल्याची, शिपाईमामांना नातू झाल्याची, कबड्डीचा सामना हरल्याची. सामना का हरलो हेही त्यात असायचं. मुली मधल्या सुट्टीत फलकासमोर थांबू लागल्या. आई रात्री झोपताना नानांना बातम्या सांगायची आणि नाना "हं, मग?" म्हणायचे. कधीकधी ते दोघं हसत बसायचे. मला ते ऐकत झोप लागायची.

आता कौसल्येचं सांगते. ती माझ्या वर्गात होती. तिचं घर धनगराचं. वडील मेंढरं घेऊन रानोमाळ, म्हणून ती मुकुंदवाडीच्या पलीकडे मामाकडे राहायची आणि रुळाच्या कडेनं चालत शाळेला यायची. वर्गातल्या काही मुली तिच्या बोलण्याला हसायच्या, पण तिला त्याचं काही नसे. "हसा बायांनो, दात पांढरे हायत तवर हसा," म्हणायची. एक दिवस कवायतीच्या तासाला एक मुलगी चक्कर येऊन पडली. सगळ्यांनी मिळून तिला सावलीत नेलं, पाणी आणलं, तर ती पाणी घेईना. कौसल्येनं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी आईच्या हातात वहीचं एक पान दिलं. त्यावर लिहिलं होतं:

"आमच्या शाळेत मुली पाणी पीत नाहीत. पाणी पिलं की जावं लागतं. जायचं तिथं कुलूप आहे. किल्ली हापिसात आहे. हापिसात बापे बसतात. सगळ्या म्हणतात की हे मोठ्या बाईंनी केलं."

एवढंच. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं. सकाळी घरून निघताना जे काय ते, मग संध्याकाळी घरी. कारकुनासमोर उभं राहून किल्ली मागायची हे तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला मरणासारखं वाटायचं. पण हे असंच असतं, असं आम्ही धरून चाललो होतो. ते लिहिण्यासारखं आहे हे फक्त कौसल्येला दिसलं.

आई ते पान घेऊन घरी आली आणि ताटावर बसूनही जेवेना. तिची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. वर्षाअखेर प्रधान बाईंचा शेरा संस्थेकडे जायचा आणि त्यावर सगळं अवलंबून होतं. 'झरोक्या'चा प्रत्येक ताव लागण्याआधी शनिवारी बाईंच्या टेबलावर जायचा, आणि त्यांच्याकडे एक लाल पेन्सिल होती. नानांनी पान वाचलं, पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "अगं, एक वर्ष थांब. कायम झालीस की रोज एक कुलूप फोड. तोवर सुविचार लाव."

"आणि त्या पोरीला काय सांगू?"

"सांग की जागा नव्हती."

"चार ताव आहेत, अहो. मोर काढलाय मी त्यातून."

नानांवर रागावू नका. आमच्या घराचं भाडं, माझं शिक्षण, गावाकडच्या दोन चुलत्यांची लग्नं, सगळं आईचा पगार धरून मांडलेलं होतं. ते घाबरले होते आणि घाबरण्यासारखंच होतं.

रविवारी आईनं कौसल्येलाही घरी बोलावलं. ती दारात चप्पल काढून भिंतीला टेकून बसली. वाट्यांखाली त्या दिवशी ताव नव्हता, एकच पान होतं. ते वाचून झाल्यावर कदम सर म्हणाले, "लावून टाका बाई. खरं हाय ना? मग?"

"हौ, आप तो बोलेंगे," सलमा बाजी फणकारल्या. "तुमची नोकरी पक्की. पैठण में बैठ के शेर! निकालेंगे तो इसकू निकालेंगे ना?"

"मंग काय झाकून ठेवायचं?"

"मैं ने कब बोली झाकून ठेवा?"

आईनं दोघांनाही थांबवलं. "लावायचं की नाही ते माझं मी बघेन," ती म्हणाली. "तुम्ही बातमी कशी आहे ते सांगा. नेहमीसारखी." आणि तिनं गुळाचा खडा कौसल्येच्या हातावर ठेवला. कौसल्येला नियम माहीत नव्हता, मी कानात सांगितला. तिनं खडा तोंडात टाकला आणि डोळे मोठे करून बसली.

सलमा बाजींनी पान जवळ ओढलं. "सगळ्या म्हणतात. सगळ्या कौन? नाम बता. एक लडकी का नाम नहीं, तो मोठ्या बाई बोलेंगी झूठ है, बात खतम." मग कदम सरांनी ते पान उलटसुलट केलं, मागची बाजूसुद्धा बघितली, जणू तिथं काही सापडेल. "बाई, मला एक सांगा," ते आईला म्हणाले. "ह्या बातमीत मोठ्या बाई कुठायत?"

"शेवटच्या ओळीत," आई म्हणाली.

"ते लोकांचं म्हणणं झालं. त्यांचं काय म्हणणं हाय? इचारलं का कुणी?"

विचारायचं? प्रधान बाईंना? त्यांच्या चपलांचा आवाज आला की वर्ग आपोआप उभे राहत. त्यांच्याबद्दल पाठीमागे बोलायला आम्ही मुली, शिक्षिका, शिपाई, कुणीच मागे नव्हतो. त्यांच्याविरुद्ध लिहायलाही एक मुलगी निघाली होती. आई त्या पानामुळे दोन दिवस उपाशी होती. पण समोर जाऊन "बाई, हे असं का आहे?" असं विचारायचं एकाही माणसाच्या डोक्यात आलेलं नव्हतं. मोठ्या माणसाला प्रश्न विचारणं म्हणजे उलट बोलणं, हे आमच्या हाडात मुरलं होतं. आज तुम्हाला हे गमतीचं वाटेल. पण मला अजूनही बँकेत साहेबाला प्रश्न विचारायचा असला की आधी घसा साफ करावा लागतो.

कौसल्येचा गूळ एव्हाना विरघळला होता. "म्या इचारते की," ती म्हणाली. "मेंढरालाबी तहान लागली की वढ्याला नेत्यात. त्यात काय भ्यायचं?"

मग आमच्या स्वयंपाकघरात तालीम झाली. सलमा बाजी पाटावर ताठ बसून प्रधान बाई झाल्या. ओढणी चापून बसवली, चष्मा नाकावर ओढला.

"क्यों री, किसने भेजा तेरेकू?"

"कुणी नाय. म्या आले."

"जाधव बाईंनी शिकवलं ना?"

"शिकवायला काय लागतंय? तहान काय शिकवून लागती व्हय?"

"अगे, ये तो मेरेकूच चुप कर दी!" सलमा बाजी हसत सुटल्या. कदम सर मात्र गंभीर होते. "का लावलं असं इचारू नगो," त्यांनी तिला बजावलं. "का म्हणलं की माणूस भांडायला उठतो. कधीपासून हाय, कुणी ठरवलं, असं इचार. आन जे सांगतील ते लिहून घे, आन त्यांनाच वाचून दाखीव."

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट ठरवली, आणि इरा, तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर इथं आहे. कदम सर म्हणाले की त्यांच्या शाळेत तर मुलींसाठी सोयच नाही, कुलूप लावायला दारच नाही. सलमा बाजींकडे सोय होती पण पाणी नव्हतं. "तो तीनों लिखेंगे," त्या म्हणाल्या. "एकाच सोमवारी. फिर कौन बोलेगा की जाधव बाईच बिघडी?" आई पाठमोरी उभी राहून स्टोव्ह पुसत होती, तिच्या खांद्यांवरून मला कळलं की ती रडते आहे. नाना दाराशी उभे राहून सगळं ऐकत होते. ते कदम सरांना बसस्टँडवर सोडायला सायकल काढून गेले.

कौसल्येबरोबर मोठ्या बाईंच्या खोलीत मी गेले, कारण आईनं जायचं नाही असं ठरलं होतं. प्रधान बाई काहीतरी लिहीत होत्या. कौसल्येनं विचारलं, "बाई, मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप कधीपासून हाय? आन कुणी ठरवलं?" बाईंनी मान वर केली. मला वाटलं आता संपलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाल्या, "बसा."

त्या खोलीत मुलींना बसायला सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आम्ही खुर्चीच्या कडेवर टेकलो. बाईंनी सावकाश सांगितलं. मागची भिंत पडली होती, तिथून संध्याकाळी बाहेरची माणसं आत यायची, एकदा एका मुलीला त्रास झाला. म्हणून कुलूप. कुलूप त्यांनीच लावायला सांगितलं. भिंतीसाठी संस्थेला दोनदा सांगितलं, पुढच्या वर्षी बघू असं उत्तर आलं. कौसल्या लिहीत होती. तिनं ते वाचून दाखवलं, बाईंनी एक शब्द दुरुस्त केला. मग त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "किल्ली हातात घेऊन सगळ्या पटांगणातून जायचं मलाही होत नाही. मीसुद्धा शाळेत पाणी पीत नाही."

कौसल्येनं विचारलं, "हे लिहू का, बाई?"

"नको," बाई म्हणाल्या. "हे लिहू नकोस."

तिनं नाही लिहिलं. शनिवारी आईनं ताव टेबलावर ठेवला, तेव्हा त्यात चक्कर आलेल्या मुलीचं नाव तिच्या घरच्यांना विचारून घातलेलं होतं, किल्लीचं होतं, पडक्या भिंतीचं होतं, बाईंचं म्हणणं जसंच्या तसं होतं, आणि बाईंनी लिहू नको म्हटलेलं तेवढं नव्हतं. प्रधान बाईंनी ताव पूर्ण वाचला. लाल पेन्सिल उचलली. आई पुढे आम्हाला सांगायची की त्या क्षणी तिनं मनातल्या मनात घरभाड्याचा विचार सोडून दिला. बाईंनी काहीही खोडलं नाही. खाली रिकामी जागा होती तिथं त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली: "मुख्याध्यापिकाही शाळेत पाणी पीत नाहीत." आणि खाली सही केली.

सोमवारी फलकासमोर इतकी गर्दी झाली की पहिली घंटा होऊन गेली तरी कुणी हललं नाही, आणि कुणी दटावलंही नाही, कारण गर्दीत शिक्षिकाही होत्या. त्याच दिवशी पैठणला आणि उर्दू शाळेतही तीच गोष्ट भिंतीवर होती. दुपारनंतर किल्ली कारकुनाच्या टेबलावरून उठून आमच्या वर्गाच्या दाराशी खिळ्यावर आली. भिंत मात्र लगेच बांधली गेली नाही. संस्थेतल्या एका गृहस्थांना हे सगळं अजिबात आवडलं नव्हतं, "भिंतीवर असलं लिहितात का?" असं ते सभेत म्हणाले, आणि आईचं कायम होणं एक वर्ष लांबलं. ते वर्ष आम्ही काटकसरीत काढलं. त्या वर्षी सलमा बाजींनी आणि कदम सरांनी एकही रविवार चुकवला नाही. पुढच्या वर्षी प्रधान बाईंनी पुन्हा शेरा पाठवला, आई कायम झाली, आणि उन्हाळ्यात भिंतही उभी राहिली. कदम सरांच्या शाळेत पत्र्याची का होईना, एक खोली झाली. सलमा बाजींकडे नळ यायला खूप वेळ लागला, पण त्या दर काही महिन्यांनी बातमी परत लावायच्या. "पानी आएगा या मैं रिटायर होंगी," म्हणायच्या. पाणी आधी आलं.

मग आणखी शाळांचे शिक्षक येऊ लागले. कुणाला कळायचं की गुलमंडीच्या मागे रविवारी भित्तिपत्रकं वाचतात, ते गुंडाळी घेऊन जिना चढायचे. त्यांतले बरेच जण घाबरलेले असायचे. वर्गात एखाद्या मुलानं काहीतरी खरं लिहिलेलं असायचं आणि त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नसायचं. आई त्यांना आधी जेवायला वाढायची.

इरा, तुझ्या बाईंना सांग की त्यांना मिळतं ते सगळं फार चांगलं आहे, आमच्याकडे त्यातलं काही असतं तर आईला दोन दिवस उपाशी राहावं लागलं नसतं. आई, नाना, कदम सर आता नाहीत. सलमा बाजी खूप थकल्यात, पण मी गेले की अजून "मोर काढती क्या गे?" विचारतात. कौसल्या शिक्षिका झाली आणि मुकुंदवाडीकडच्या एका शाळेतून निवृत्त झाली. महिन्याच्या पहिल्या रविवारी शिक्षक आता तिच्याकडे जमतात, काही जण फोनवरून जोडले जातात. गेल्या महिन्यात आमच्या जुन्या शाळेनं मला बोलावलं होतं. इमारत नवी आहे. 'झरोका' अजून सोमवारी लागतो. मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात उभी होते, आणि नळावर मुलींची रांग होती. त्या ओंजळीनं पोटभर पाणी पीत होत्या.